बांधावरचे पान समुद्राच्या तळाशी

पावसाळ्यात गोदावरीला पूर येतो. पाणी गढूळ होते. काठावरचे लोक तिला गंगा म्हणतात. पूर आला की म्हणतात, "गंगा लाल झाली," किंवा "गंगा काळी झाली."

हा गढूळपणा कशाचा? मातीचा. ही माती कुठली? तुमच्या-आमच्या शेतातली. आणि या मातीबरोबर आणखी एक वस्तू वाहून जाते. ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ती वस्तू म्हणजे झाडपाला.

झाडपाला म्हणजे अख्खी पाने नव्हेत बरे का. पुरात काटक्या, पाचट, धसकटे वाहताना दिसतात, ते आपण पाहतो. पण ते थोडे. खरा मोठा माल डोळ्यांना दिसतच नाही. तो मातीच्या कणाला चिकटून जातो. कसा, ते आता पाहू.

गंगाखेडजवळ एक शेत आहे, असे समजा. शेताच्या बांधावर एक पळस आहे. फाल्गुनाच्या सुमारास त्याचे एक पान गळले. ते वाळले, चुरगळले. पहिला पाऊस झाला तसे ओले झाले. मग त्याच्यावर पाहुणे आले. वाळवी आली, गांडूळ आले, बुरशी आली. ज्याने त्याने आपला घास घेतला. पानाचा बराचसा भाग अशा रीतीने खाऊन संपला आणि हवेत मिसळला. आपण जेवतो आणि श्वास सोडतो, तसेच हे.

पण सगळे पान संपत नाही. काही भाग कुणालाच नीट पचत नाही. तो काळा, चिकट होऊन मातीत उरतो. काळ्या मातीचे कण फार बारीक असतात. हा चिकट भाग त्या कणांना धरून बसतो. एकदा तो कणाला चिकटला की किड्यांना तो सहज सापडत नाही. म्हणून तो शेकडो वर्षे टिकतो. कधी हजारो वर्षेही टिकतो.

म्हणजे आज तुमच्या शेतात जी माती आहे, तिच्यात तुमच्या पणजोबांच्या आधीच्या झाडांचाही अंश आहे.

मग एके दिवशी मोठी सर येते. थेंब जोराने जमिनीवर आपटतो. माती उडते. उघड्या रानात तर फारच उडते. पाणी उताराला लागते. आधी बारीक ओघळ, मग घळ, मग ओढा, मग नदी. पळसाच्या पानाचा तो उरलेला अंश मातीच्या कणावर बसून निघाला. आता त्याला आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यापर्यंत जायचे आहे.

वाट काही थोडी नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि सुमारे १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत प्रवरा मिळते, पूर्णा मिळते, मांजरा मिळते. पुढे विदर्भाचे पाणी घेऊन प्राणहिता येते. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा ही सगळी प्राणहितेचीच बाळे. त्यापुढे बस्तरकडून इंद्रावती येते आणि शेवटी शबरी. गोदावरीच्या खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात आहे. तेव्हा या गाळात आपला वाटा मोठा.

आता एक प्रश्न. माती तर पाण्यापेक्षा जड. मग ती वाटेतच का बुडत नाही?

याचे उत्तर घरी मिळेल. एक काचेची बाटली घ्या. तिच्यात मूठभर माती आणि पाणी घाला. चांगली हलवा आणि ठेवून द्या. वाळू लगेच खाली बसेल. बारीक माती मात्र दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगताना दिसेल. अगदी बारीक कण एवढे लहान असतात की पाचशे कण ओळीने ठेवले तर एक मिलिमीटर भरतो. असा कण अगदी संथ पाण्यातसुद्धा एक मीटर बुडायला तीन दिवसांहून जास्त घेतो. आणि पुराचे पाणी काही संथ नसते. ते सारखे घुसळत असते. म्हणून वाळू मागे राहते आणि बारीक चिकण कण पुढे जातो. पानाचा अंश नेमका या चिकण कणालाच धरून असतो.

नदी समुद्राला मिळाली की गंमत होते. समुद्राचे पाणी खारट. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ. हेही घरी करून बघा. दोन पेल्यांत सारखेच गढूळ पाणी घ्या. एकात दोन चमचे मीठ घाला आणि ढवळा. मिठाचा पेला लवकर निवळेल. गोड्या पाण्यात हे बारीक कण एकमेकांना दूर लोटत असतात. मिठामुळे ते दूर लोटणे थांबते. कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि गुठळ्या बुडतात. आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो, तेव्हा जे होते तेच हे. नदीच्या मुखाशी समुद्र जणू रोज तुरटी फिरवतो.

म्हणून नदीचा पुष्कळसा गाळ मुखाजवळच बसतो. काही गाळ लाटा आणि प्रवाह किनाऱ्याने पुढे नेतात. काही आणखी आत जातो. गोदावरीच्या मुखासमोर उथळ समुद्राची पट्टी अरुंद आहे. तिच्यापुढे तळ एकदम उतरतो. त्या उतारावरून गाळ खाली सरकतो आणि एक किलोमीटरपेक्षाही जास्त खोल जाऊन पडतो. तिथे उजेड नाही. पाणी थंड. काही थरांत तर पाण्यातला प्राणवायूही फार थोडा. अशा जागी कुजणे मंद होते. त्यामुळे शेतातून आलेला अंश तिथे टिकून राहतो. त्याच्यावर पुढच्या वर्षीचा गाळ पडतो. त्याच्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचा.

अशी ही वही हजारो वर्षे लिहिली जात आहे. खालचे पान जुने, वरचे पान नवे.

मेणाची खूण

एका वाचनवर्गात हे सांगत होतो. एक आजोबा मागे बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, सगळं खरं. पण समुद्रातही शेवाळ असतंच की. तळाशी सापडलं ते शेवाळाचं का आमच्या पळसाचं, हे कुणी ओळखलं?"

प्रश्न अगदी बिनतोड होता. शास्त्रज्ञांनाही तो पुष्कळ दिवस पडला होता.

पहिले उत्तर परागकणांचे. फुलातली पिवळी भुकटी म्हणजे पराग. प्रत्येक जातीच्या झाडाचा परागकण वेगळ्या आकाराचा. त्याचे कवच फार टणक असते. गाळात ते लाखो वर्षे टिकते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून झाड ओळखता येते. पण पराग वाऱ्यानेही येतो. त्यामुळे तो नदीने आणला की वाऱ्याने, याचा घोळ होतो.

दुसरे उत्तर लाकडाचे. कोवळी पाने पटकन कुजतात. पऱ्हाटीची धसकटे मात्र रानात लवकर कुजत नाहीत. त्यांच्यात लाकडाला ताठ ठेवणारा एक पदार्थ असतो. त्याला लिग्निन म्हणतात. समुद्राच्या शेवाळाला ताठ उभे राहायची गरजच नाही. पाणीच त्याला उचलून धरते. म्हणून त्याच्यात लिग्निन नसते. गाळात लिग्निन मिळाले की समजावे, हे जमिनीवरून आले.

तिसरे उत्तर मात्र मला सगळ्यांत आवडते. मी वर्गातल्या मावशींना विचारले, "मावशी, अळूच्या पानावर पाणी टाकलं तर काय होतं?"

"काय व्हायचंय? मोत्यासारखं घरंगळून जातं."

"पान भिजत का नाही?"

मावशी हसल्या. "त्याला मेण असतं ना!"

बरोबर. आणि नुसत्या अळूलाच नव्हे, जमिनीवरच्या बहुतेक सगळ्या झाडांच्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो. हा थर पानातले पाणी उन्हात उडू देत नाही. उसाच्या पेरावर जी पांढरी भुकटी दिसते, तीही मेणच. समुद्रातल्या शेवाळाला उन्हात वाळण्याचे भय नाही. त्याला असे मेण लागत नाही.

मेण म्हणजे कार्बनच्या मण्यांची माळ. कार्बन म्हणजे काय? कोळशात जो असतो तो. जमिनीवरच्या झाडांच्या मेणात पुष्कळ माळा २७, २९ किंवा ३१ मण्यांच्या असतात. हा आकडा बहुतेक करून विषम असतो. शेवाळाच्या माळा आखूड असतात, १५ किंवा १७ मण्यांच्या. पानांवरच्या या मेणाचा नीट अभ्यास जेफ्री एग्लिंटन आणि रिचर्ड हॅमिल्टन यांनी १९६७ साली मांडला. त्यानंतर जगभर लोक समुद्राच्या गाळात मेण शोधू लागले.

मेण पाण्यात विरघळत नाही. ते सहज कुजतही नाही. म्हणून पान गेले, रंग गेला, शिरा गेल्या, तरी मेण मागे राहते. प्रयोगशाळेत गाळ वाळवतात. त्याची भुकटी करतात. मग तेलासारख्या एका द्रवात मेण विरघळवून बाहेर काढतात. त्याची वाफ करून ती एका लांब, केसासारख्या नळीतून सोडतात. आखूड माळा लवकर बाहेर पडतात. लांब माळा रेंगाळत मागून येतात. मग मोजणी करता येते. या माळा किती आणि त्या किती.

ज्वारीचे मेण आणि भाताचे मेण

याच्या पुढची गोष्ट शेतकऱ्याने मुद्दाम ऐकण्यासारखी आहे.

कार्बनचे मणी दोन वजनांचे असतात. शंभरात सुमारे नव्याण्णव हलके आणि एक थोडा जड. झाड हवेतून कार्बन घेते, तेव्हा दोन्ही घेते. पण सगळ्या झाडांची रीत सारखी नाही. भात, गहू, हरभरा, तूर, कापूस, आंबा, साग, पळस ही एक बाजू. ही मंडळी चोखंदळ. हलका मणी पाहून घेतात आणि जड मणी जमेल तेवढा टाळतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, नाचणी, हरळी आणि माळावरची पुष्कळशी गवते ही दुसरी बाजू. ती तेवढी निवड करीत नाहीत. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघांनी उसाच्या पानांवर काम करून १९६६ साली ही दुसरी रीत समजावून सांगितली. या रीतीमुळे कडक ऊन आणि थोडे पाणी यांत हे पीक तग धरते. ज्वारी आपल्या कोरडवाहू रानात का येते, याचे एक कारण हे आहे.

फरक केवढा? भाताच्या रोपात एक हजार जड मणी मिळाले, तर तेवढ्याच कार्बनात ज्वारीच्या ताटात सुमारे १०१४ मिळतात. फरक थोडा आहे. पण आजची यंत्रे तो बरोबर पकडतात. शिवाय मेण जसे टिकते, तसा हा फरकही टिकतो. म्हणजे गाळातले मेण पाहून सांगता येते की त्या काळी खोऱ्यात झाडी जास्त होती की गवत जास्त होते.

हे प्रत्यक्ष झाले. २००६ साली भारताच्या एका मोहिमेत 'जॉयडस रेझोल्यूशन' नावाचे जहाज आपल्या समुद्रात आले होते. ते आले होते समुद्रतळाखाली गोठलेला वायू शोधायला. गोदावरीच्या मुखासमोर, सव्वा किलोमीटरच्या आसपास खोल पाण्यात, त्यांनी तळात नळी घुसवली. कुल्फीच्या साच्यात कुल्फी येते, तसा नळीत गाळाचा लांब दांडा आला. आले एका कामाला आणि उपयोग झाला दुसऱ्याच कामाला! त्या दांड्याच्या वरच्या काही मीटरांत गेल्या दहा हजार वर्षांहून अधिक काळाचा गाळ होता.

अमेरिकेतील वुड्स होल येथील संशोधक आणि त्यांचे सोबती यांनी त्यातले मेण काढले. २०१२ साली त्यांनी निष्कर्ष छापला. सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून मेणात जड मणी वाढू लागले. ही वाढ सुमारे १७०० वर्षांपूर्वीपर्यंत होत राहिली. त्यानंतर ते प्रमाण पुन्हा खाली आले नाही. याचा अर्थ काय? गोदावरीच्या खोऱ्यात पाऊस कमी होत गेला. कोरडे हवामान सोसणारी गवते आणि झुडपे वाढली. दाट झाडी मागे हटली.

याच सुमाराला आपल्याकडे काय चालले होते? प्रवरेच्या काठी जोर्वे आणि दायमाबाद येथे शेतकऱ्यांची गावे होती. त्यांची रंगीत खापरे, मातीची घरे, धान्याच्या कोठ्या उत्खननात मिळाल्या आहेत. ती माणसेही पावसाकडे डोळे लावून बसत असतील. सुमारे ३००० वर्षांपूर्वी त्यांतली पुष्कळ गावे ओस पडली. ती कशामुळे, यावर विद्वानांत अजून वाद आहे. पण हवा कोरडी होत होती, ही साक्ष शेकडो कोस दूर समुद्राच्या तळाशी पडून होती.

मातीची साक्ष

मेणाबरोबर मातीही साक्ष देते. महाराष्ट्राचा काळा दगड ज्वालामुखीचा आहे. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बस्तर आणि पूर्व घाटाकडचे दगड त्याच्याहून कितीतरी जुने. दोन्ही दगडांच्या मातीत काही धातूंची घडण वेगवेगळी असते. त्यावरून गाळातला कोणता कण आपल्या पठारावरचा आणि कोणता तिकडचा, हे समजते.

२०१७ साली हाही हिशेब छापून आला. गेल्या तीन-चार हजार वर्षांत समुद्रात पडणारा गाळ पुष्कळ वाढला होता. आणि त्यात काळ्या पठारावरच्या मातीचा वाटा वाढला होता. झाडी विरळ झाली, पावसाचा मार उघड्या जमिनीवर पडू लागला. त्यात माणसाची नांगरट आणि गुरांची चराई यांचीही भर पडली असावी, असे संशोधक म्हणतात. किती भाग हवेचा आणि किती माणसाचा, हे अजून पक्के वेगळे करता आलेले नाही. मला तर वाटते, दोन्ही गोष्टी हातात हात घालूनच आल्या असतील. पाऊस कमी झाला की माणूस जास्त जमीन नांगरतो. हे आपण आजही पाहतो.

वर सांगितलेले वाचून आजोबांसारखा एखादा चतुर वाचक आणखी एक अडचण काढील. पान मातीत शेकडो वर्षे राहते, असे आपण आधी म्हटले. मग समुद्रातल्या थरात सापडलेले मेण त्या थराच्याच काळातले कशावरून? ही शंका खरी आहे. थराचे वय बहुधा त्यातल्या बारीक शिंपल्यांवरून काढतात. शिंपला त्या काळी समुद्रात जगलेला असतो. मेण मात्र आधी रानात पुष्कळ काळ थांबून आलेले असते. म्हणजे एकाच थरात शिंपला तरुण आणि मेण म्हातारे! म्हणून संशोधक मेणाचेही वय वेगळे मोजतात. त्यासाठी कार्बनचा तिसरा, अगदी दुर्मीळ मणी उपयोगी पडतो. तो आपोआप नाहीसा होत जातो. ५७३० वर्षांत निम्मा उरतो. तो किती उरला यावरून वय कळते. ही युक्ती विलर्ड लिबी यांनी शोधली. तिच्यासाठी त्यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यामुळे अमुक साली अमुक झाले, असे समुद्राचा गाळ सांगत नाही. तो शतकांचा हिशेब सांगतो. तेवढ्यावर समाधान मानावे.

आता वाट अडली आहे

आतापर्यंत सांगितली ती जुनी वाट. आज पळसाचे पान निघाले तर ते समुद्रापर्यंत जाईलच असे नाही.

राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे आर्थर कॉटन यांनी १८५२ साली बंधारा पुरा केला. तो खालच्या टोकाला होता. आपल्याकडे पैठणला जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले. त्याच्या आगेमागे खोऱ्यात लहानमोठी पुष्कळ धरणे झाली. धरणात पाणी थांबते. पाणी थांबले की चिकण कणालाही बुडायला सवड मिळते. मघाच्या बाटलीची आठवण करा. कण बुडाला की त्याच्यावरचे मेणही बुडाले. ते समुद्राऐवजी नाथसागराच्या तळाशी बसले.

पूर्वी गोदावरी दर वर्षी सुमारे १५ ते १७ कोटी टन गाळ समुद्राला देत होती, असा अंदाज आहे. १९९० नंतर मोजले तेव्हा तो निम्म्यापेक्षाही कमी भरला. याचे दोन परिणाम झाले. एक, धरणांत गाळ साचून पाण्याची जागा कमी होते. दुसरा परिणाम आपल्याला इथे बसून दिसत नाही. गोदावरीच्या मुखाकडची जमीन गाळानेच झालेली आहे. तिथे भात होतो, नारळ होतो, लाखो माणसे राहतात. गाळ येत राहिला तर ती जमीन टिकते. १९७६ ते २००१ या काळात त्या किनाऱ्याची वाढ व्हायच्या जागी एकंदरीने झीजच झाली. तिथल्या कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या जमिनी समुद्राने घेतल्या. कारणे एकाहून जास्त आहेत. अडलेला गाळ हे त्यांतले एक मोठे कारण.

मग शास्त्रज्ञांनाही सांभाळून बोलावे लागते. आजच्या गाळात मराठवाड्याचे मेण थोडे मिळाले, तर मराठवाड्यात झाडेच उरली नाहीत असे म्हणता येत नाही. त्यांचे मेण धरणात अडकलेले असू शकते. खालच्या अंगाला इंद्रावती आणि शबरीकडे पाऊस जास्त आणि रानही दाट. तिकडचा माल मुखाला जवळ. म्हणून नव्या थरात तिकडची झाडे जास्त बोलतात.

हे सगळे सांगून झाल्यावर आजोबा म्हणाले, "म्हणजे आमच्या गावच्या पाझर तलावात पण अशी वही असंल."

आहेच. उन्हाळ्यात तलाव आटतो. लोक गाळ काढून शेतात टाकतात. तेव्हा खणलेल्या खड्ड्याची उभी कड जरा साफ करून पाहा. रेतीचा पांढुरका थर दिसेल. तो मोठ्या पावसाचा. त्याच्यावर काळा चिकण थर दिसेल. तो पाणी निवळल्यावरचा. काळ्या थराचा एक ढेकूळ फोडा. आत कधी बाभळीच्या शेंगेचा तुकडा मिळतो. कधी ज्वारीच्या पातीचा ठसा मिळतो. आजोबांनी दुसऱ्या दिवशी असे एक ढेकूळ फडक्यात बांधून आणले. त्यात चिंचेची दोन पाने जशीच्या तशी होती. हवा लागली तशी ती पाहता पाहता काळी पडली.